इंग्रजीच्या तासाला चित्रपट : शिकवणे की वेळ काढणे?

मूळ मजकूर : पालक, मिरज
माझ्या नववीतल्या मुलीच्या वर्गात इंग्रजीच्या तासाला ‘गांधी’ दाखवला. 1982 चा हा चित्रपट 191 मिनिटांचा आहे. 35 मिनिटांच्या हिशेबाने सहा तासिका त्यात गेल्या. दहावीला इंग्रजीची लेखी परीक्षा 80 गुणांची असते आणि तिच्यात चित्रपट विचारत नाहीत. शिक्षकांनी पडदा लावून स्वस्थ बसावे, यासाठी आपण मुलांना शाळेत घालतो का?

शिक्षिका, सातारा
‘स्वस्थ बसावे’ हे शब्द मला लागले, म्हणून सविस्तर लिहिते. अखंड चित्रपट लावणे मलाही मान्य नाही. मी तीन मिनिटांचा तुकडा घेते, आधी आवाज बंद ठेवून दिसेल ते मुलांना इंग्रजीत सांगायला लावते आणि मग आवाजासह दोनदा ऐकवते. त्यासाठी आदल्या रात्री त्यातले प्रत्येक वाक्य मला उतरवून काढावे लागते. गेल्या वर्षी कास पठारावरच्या फुलांचा असा तुकडा लावला होता. वर्षभर तोंड न उघडलेला एक मुलगा ‘सीतेची आसवे’ पाहून उठला आणि म्हणाला, ‘धिस फ्लॉवर ईट्स इन्सेक्ट्स.’ सूक्ष्म जीव धरतात ते फूल नव्हे, तर खालच्या ओलीत दडलेल्या बारीक पिशव्या, हे खरे. परंतु ‘ईट’ला ‘एस’ त्याने कोणी न सांगता लावला.

निवृत्त शिक्षक, सांगली
बाई, त्या तुकड्याखाली इंग्रजी अक्षरे होती काय? असतील, तर त्या मुलाने तो ‘एस’ ऐकला नाही, वाचला. सबटायटल असले की मुले ऐकणे सोडतात, हे मी वर्गात पाहिले आहे. ज्या सांगलीत विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगवले, तिथे मी 31 वर्षे मुलांकडून छोटे इंग्रजी प्रवेश बसवून घेतले. वाक्य मुलाच्या तोंडून निघाले पाहिजे. पडद्यावरच्या नटाने बोलून त्याला काय येणार?

शिक्षिका, सातारा
अक्षरे होती. वाचून आले म्हणून बिघडले कुठे? आयआयएम अहमदाबादच्या ब्रिज कोठारी यांनी 1996 मध्ये दूरचित्रवाणीवरील गाण्यांखाली त्याच भाषेतले शब्द दाखवण्याची कल्पना मांडली, तिचा पायाच हा आहे.

प्राध्यापक, कराड
येथे मोठी गल्लत होते आहे. ती गाणी प्रेक्षकांना ऐकून कळत होती, अडचण वाचनाची होती. आपल्या मुलांचे नेमके उलटे आहे. राज्यात 2000 मध्ये पहिलीपासून इंग्रजी आले, त्याआधीची आमची पिढी पाचवीत एबीसीडी गिरवू लागली. पुण्यातल्या पहिल्या मुलाखतीत समोरच्यांना मला एकच इंग्रजी प्रश्न तीनदा विचारावा लागला, आणि तोच कागदावर लिहून दिला असता तर मी पानभर उत्तर लिहिले असते. म्हणून पहिल्या खेपेला अक्षरे नकोत. मराठी अक्षरे तर कधीच नकोत.

शिक्षक, जत
‘कधीच नकोत’ असे लिहिणाऱ्यांनी आमच्या वर्गात येऊन पाहावे. माझ्या निम्म्या मुलांच्या घरी कन्नड बोलतात. त्यांच्यासाठी मराठी हीच शिकावी लागलेली भाषा, मग इंग्रजी तिसरी. मी तुकडा थांबवतो, दोन शब्द कन्नडमध्ये सांगतो आणि पुढे जातो. तो आधार काढून घेतला, तर मुले नुसती चित्रे पाहतील. आमच्या मुलांना काय नको, हे कराडमध्ये बसून ठरवू नये.

प्राध्यापक, कराड
‘कधीच’ हा शब्द मागे घेतो. पहिल्या खेपेचा आग्रह मात्र सोडत नाही.

निवृत्त शिक्षक, सांगली
आवाज बंद ठेवून मुलांना बोलायला लावणे हे प्रवेश बसवण्याच्या जवळचे आहे, एवढे मान्य करतो. त्यात श्रेय चित्रपटाचे नाही, बाईंचे आहे.

पालक, मिरज
सहा तासिकांबद्दलचे माझे म्हणणे कायम आहे. साताऱ्याच्या बाई घेतात तसा तास होणार असेल, तर माझी हरकत नाही. मिठाच्या सत्याग्रहाच्या प्रसंगात कोण काय बोलले, असे काल मुलीला विचारले. तिला एकही इंग्रजी वाक्य सांगता आले नाही. पुढच्या पालकसभेत मी हेच मांडणार आहे.