मदत हवी आहे : भाच्याच्या किडनीसाठी पुण्यात कुणाला दाखवावं?

नमस्कार मंडळी. माझा भाचा ९ वर्षांचा, राहायला धायरीत. जनुकीय तपासणीत बार्डेट-बीडल सिंड्रोम हा दुर्मीळ आनुवंशिक आजार निघालाय. जन्मतः हाताला सहावं बोट होतं, वजन भराभर वाढलं, आणि दिवेलागणीनंतर नीट दिसत नाही, जिना भिंत चाचपत उतरतो. सगळ्याचं मूळ एकच, हे आत्ता कळलं.

खरी काळजी किडनीची आहे. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे किडनीचं काम मंदावलंय. उशाशी भरून ठेवलेली पाण्याची बाटली पहाटेपर्यंत रिकामी होते. या आजारात किडनीला लघवी दाट करता येत नाही, म्हणून एवढी तहान. शाळेत मात्र तास चालू असताना ना पाणी, ना बाथरूम. पोराचे हाल बघवत नाहीत.

पुण्यात मुलांचे किडनीतज्ज्ञ आणि जेनेटिक्सचे डॉक्टर एकाच ठिकाणी भेटतील अशी ओपीडी कुठे आहे? शाळेसाठी डॉक्टरांचं पत्र कुणी घेतलंय का? त्यात नेमकं काय लिहून घ्यावं? शिवाय ताई-भाऊजी दुसऱ्या बाळाचा विचार करताहेत. दोघंही वाहक (स्वतःला आजार नाही, पण सदोष जनुक आहे), म्हणजे प्रत्येक वेळी बाळाला हाच आजार होण्याची २५ टक्के शक्यता. समुपदेशन कुठे मिळेल?

काढे, जडीबुटी कृपया सुचवू नका, किडनीला ते झेपणार नाही. अनुभव असेल त्यांनी जरूर लिहा, मी लगेच फोन करेन.