शब्दचर्चा: घोडा चढवायचा, दाबायचा की ओढायचा?

मांडवीकाठ, पणजी
मंडळी, एका अमेरिकन पोलिसी टेलिफिल्मच्या मराठी सबटायटल्सचं काम करतेय. डिटेक्टिव्ह बाईच्या घोट्याला स्मिथ अँड वेसनचं पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्वर, तिच्या जोडीदाराकडे बेरेटा पिस्तूल, आणि खलनायकाच्या ट्रकात एक पंप शॉटगन. घोडं अडलंय ते शेवटच्या प्रसंगात. ती अंगठ्याने रिव्हॉल्वरचा मागचा खटका चढवते, खट्ट आवाज होतो, आणि तो तिला डिवचतो. मी लिहिलं, "घोडा चढवलास, आता चाप ओढ."
पुण्याहून तपासून आलं ते लाल रेघ मारून. शेरा असा: "घोडा म्हणजेच चाप. द्विरुक्ती. 'पिस्तूल रोखलंस, आता घोडा दाब' असे करावे."
आमच्या घरी घोडा म्हणजे वरचा, अंगठ्याचा. चाप म्हणजे खालचा, बोटाचा. माझं चुकतंय का?

जुनीवही
ताई, बातम्यांत वर्षानुवर्षं "घोडा दाबला" वाचतोय. वापर रुळला की तोच अर्थ. पुण्याचं बरोबर.

आजोचा_नातू, सत्तरी
जुनीवहीबाब, तुम्ही कधी बंदूक भरलीय का? आमच्या आजोकडे ठासणीची होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, रानडुकरांसाठी. नळीत आधी दारू, मग काथ्याचा बोळा, मग छर्रे, वर परत बोळा. दर वेळी गजाने ठासायचं, गज उडी मारून वर येईपर्यंत. सगळ्यात शेवटी घोडा चढवून त्याच्या खाली केप, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, बसवायची. चाप ओढला की घोडा सुटतो आणि केपेवर आपटतो. घोडा "दाबला" असता तर आजोचाच अंगठा चेचला असता.
निवडणूक लागली की ती पोलीस स्टेशनात जमा व्हायची. परत आणल्यावर आजो आधी घोडा दोनदा चढवून अलगद उतरवायचा, कानाशी धरून. "शिणलो मरे," म्हणायचा घोड्याला.

गिरगाव_ते_पर्वरी
आमच्या मुंबईत घोडा म्हणजे अख्खं पिस्तूल. "त्याच्याकडे घोडा आहे" म्हटल्यावर माणूस तबेला शोधत नाही, गल्ली बदलतो. म्हणजे अर्थ तीन झाले, ताई. अजून कोणी आहे?

फोंड्याची_सून
मी आहे. सासरे पोर्तुगीजात शिकलेले. त्यांना आत्ताच विचारलं. पोर्तुगीजात या घोड्याला म्हणतात "कांव", म्हणजे कुत्रा! इंग्रजीत तोच कोंबडा. आपल्याकडे घोडा. आपटणारा तुकडा एकच, प्रत्येकाने आपापल्या अंगणातलं जनावर बसवलं. आणि चापाला पोर्तुगीज शब्द "गातील्यु". सासऱ्यांच्या मते त्यात मांजर लपलंय. कुत्रा वर, मांजर खाली.

शुद्धमती
करमणूक झाली. पण मूळ रोग कोणी बघत नाही. पिस्तूल पोर्तुगीज, काडतूसही पोर्तुगीज, बंदूक अरबी, रिव्हॉल्वर इंग्रजी. रिव्हॉल्वरला "चक्री पिस्तूल" म्हणायला काय हरकत आहे?

गिरगाव_ते_पर्वरी
काही नाही. फक्त डिटेक्टिव्ह बाईने घोट्याला भुईचक्र बांधलंय असं वाटेल.

शुद्धमती
हसा. हापूस, पगार, चावी, तुरुंग देऊन बसलोच आहोत.

फोंड्याची_सून
देऊन नाही हो, घेऊन बसलोय. परत करणार का हापूस?

मांडवीकाठ, पणजी
अहो, माझं काम! शुद्धमतीकाकांमुळे आणखी एक आठवलं. पुण्याने अक्षरं वाचवायला सगळीकडे "पिस्तूल" केलंय. पण कथेत खलनायक तिच्या गोळ्या मोजतो. पाचवी झाली की "संपल्या" म्हणत आडोशातून बाहेर येतो. पिस्तूल म्हटल्यावर हे जमतच नाही. बेरेटाच्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये पंधरा मावतात. रिव्हॉल्वर आहे म्हणूनच तो पाचाला बाहेर येतो. आणि बाई त्या रिव्हॉल्वरला "थर्टी-एट" म्हणते, तिथे काय लिहू? "अडतीस बोर"?

जुनीवही
अडतीस बोर. परवान्यावर "३२ बोर" असंच लिहितात.

आजोचा_नातू, सत्तरी
लिहितात, आणि चूक लिहितात. बोर म्हणजे मोजणी. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या पाडल्या आणि त्यातली एक नळीत बरोबर बसली, की ती बारा बोर. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक. ३२ आणि ३८ हे इंचाचे शतांश, तिथे उलटं. बोराच्या हिशेबाने अडतीस बोर म्हणजे नळी जवळजवळ अर्ध्या इंचाची, थर्टी-एटपेक्षा जाड होईल.

जुनीवही
पण लोकांना कळतं ना? झालं तर. आणि थ्री नॉट थ्री रायफलीला काय "शून्य दशांश तीनशे तीन" म्हणायचं?

पोलीसपाटलाचा_जावई
थ्री नॉट थ्रीला थ्री नॉट थ्रीच म्हणतात. वाद संपला. मला टीव्हीवाल्यांचा वेगळाच राग आहे. हातात ग्लॉक पिस्तूल, आणि आवाज घोडा चढवल्याचा! ग्लॉकला बाहेर घोडाच नसतो. कुणी चढवला, काय चढवला?

गिरगाव_ते_पर्वरी
आणि एक: या रिव्हॉल्वरचा घोडा न चढवताही चाप ओढला की गोळी सुटते, फक्त चाप जड जातो. म्हणजे बाईने घोडा चढवला तो निव्वळ धाक दाखवायला. वाक्यात घोडा गेला तर प्रसंगच फुसका बार होईल.

फोंड्याची_सून
बार! ठासणीत भरतात तो बार आणि फुसका बार एकच का? माझ्या डोक्यात कायम फटाकाच होता.

आजोचा_नातू, सत्तरी
एकच. दारू दमट झाली की फुस्स. पावसाळ्यात आजो बारूदीची कुपी चुलीच्या वरच्या फळीवर ठेवायचा. (करू नका.)

शुद्धमती
सत्तरीकर, तुमच्याकडच्या शिगम्यातल्या घोडेमोडणीतला "मोडणी" कुठून आला? बरेच दिवस विचारायचं होतं.

आजोचा_नातू, सत्तरी
त्यासाठी वेगळा धागा काढा, काका. कमरेला लाकडी घोडे बांधून नाचणाऱ्यांना विचारून सांगतो. आमच्या वाड्यावरच दोन मतं आहेत.

मांडवीकाठ, पणजी
पुण्याला काल पाठवलं: "घोडा चढवलास. चाप ओढ." एक "आता" कापून जागा केली. उत्तर आलं, "घोडा ठीक. मात्र पंधराव्या मिनिटाला 'होल्स्टर' मराठीत करा."
रिव्हॉल्वर खोचून ठेवायचं ते घर. म्यान?

जुनीवही
म्यान तलवारीचं.

फोंड्याची_सून
गवसणी?

गिरगाव_ते_पर्वरी
गवसणी तंबोऱ्याला घालतात, बाई.

शुद्धमती
खोळ.

आजोचा_नातू, सत्तरी
खोळ उशीची. आजो गोणपाटात गुंडाळायचा.