मदत हवी आहे: शिक्षिका आहे, तीन महिने आवाज बसलाय, नेमकी कोणती तपासणी करून घ्यावी?

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. दोन्ही वर्ग एकाच खोलीत, वर पत्रे. पाऊस कोसळायला लागला की माझं बोलणं मलाच ऐकू येत नाही, ओरडावंच लागतं. सोळा वर्षं निभावलं. यंदा जुलैत सर्दी-खोकला झाला. तो गेला, आवाज मात्र बसला तो बसलाच.

सोमवारी परिपाठाला आवाज बरा असतो. बुधवारपर्यंत घोगरा होतो आणि शुक्रवारी हजेरी घेताना निम्म्या नावांनंतर नुसती हवा बाहेर पडते. प्रार्थनेतला वरचा सूर लागत नाही, तिथे चिरकतो. दिवसभर खाकरत असते, संध्याकाळी गळ्याच्या दोन्ही बाजू ठणकतात. परवा पुढच्या रांगेतली एक मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही नका बोलू, मी घेते पाढा." तिनं तीनचा पाढा सगळ्यांकडून म्हणून घेतला. मला रडू आवरेना.

ज्येष्ठमध, खडीसाखर, मिठाच्या गुळण्या सगळं झालं. डॉक्टरांनी जीभ दाबून बॅटरीनं घसा पाहिला, दोनदा अँटिबायोटिक दिलं, मग दीड महिना पित्ताच्या गोळ्या. काडीचा फरक नाही. स्वरतंतू अजून कोणी पाहिलेलेच नाहीत, आणि मला वाटतं इथंच चुकतंय. साधी दुर्बीण पुरेल की स्ट्रोबोस्कोपी (लुकलुकत्या उजेडातली दुर्बीण तपासणी) करावी? गाठी निघाल्या तर ऑपरेशनच का? त्याची फार धास्ती वाटते.

प्रतिसाद १:
ताई, मी स्पीच थेरपिस्ट आहे. तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे. चार आठवड्यांत आवाज सुधारला नाही तर स्वरयंत्र पाहायलाच हवं. ज्यांचं पोट आवाजावर आहे त्यांनी तर त्याआधीच. बॅटरीनं टॉन्सिल दिसतात, स्वरतंतू त्याच्या बरेच खाली. बोलताना बाईमाणसाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा कंप पावतात, साध्या उजेडात ते टिपता येत नाही. स्ट्रोबोस्कोपीच्या लुकलुकत्या उजेडात तेच संथ दिसतं, म्हणून सोय असेल तर तीच करा. नोड्यूल (ताणानं आलेल्या बारीक गाठी) असतील तर दोन्ही तंतूंवर समोरासमोर दिसतात, पॉलिप (मऊ फुगवटा) बहुधा एकाच बाजूला. कधी गाठ नसतेच, गळ्याचे स्नायू आवळून बोलायची सवय लागलेली असते. बाहेरून तिन्ही आवाज घोगरेच. नोड्यूलवर पहिला उपाय व्हॉइस थेरपी, म्हणजे न ताणता बोलायचे व्यायाम, ऑपरेशन क्वचित.

जाण्याआधी सोमवारी आणि शुक्रवारी एकच उतारा वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करा. एका श्वासात 'आ' किती सेकंद टिकतो तेही मोजा. कुजबुजून बोलू नका, त्यानंही बऱ्याच जणांचा गळा ताणतो. गिळायला त्रास, थुंकीत रक्त, मानेत गाठ किंवा तंबाखूची सवय असेल तर याच आठवड्यात दाखवा.

धागाकर्ती:
मनापासून आभार. यातलं काहीच नाही. आत्ता मोजलं, 'आ' सात सेकंदच टिकला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की जिल्ह्याला जाते. थेरपीसाठी मुंबईला वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत कोणी गेलंय का? दर आठवड्याला जावं लागतं की व्यायाम शिकवून घरी करायला देतात? रजा त्या हिशोबानं टाकायची आहे.