मासळी व्हेल शार्कने संपवली, हे पटत नाही

निळाई
कालपासून एक पोस्ट फिरतेय : "चाळीस फुटी व्हेल शार्क जाळी फाडतो, तारलीचे थवे गिळतो, आणि सरकार त्याला सोडायला 25 हजार देतं. मच्छीमार मेला तरी चालेल." खाली पन्नास जणांनी 'अगदी बरोबर' लिहिलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

हा मासा पाणी ओढून गाळतो. पोटात जातं ते मुख्यतः प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), माशांची अंडी, फार तर बारीक मासळी. सुरमई-पापलेटशी त्याचा संबंध नाही. वयात यायलाच त्याला पंचवीसेक वर्षं लागतात. एक मेला की ती जागा लवकर भरत नाही.

कॅनडाने आपल्याआधी असाच शार्कवर राग काढला. ब्रिटिश कोलंबियात बास्किंग शार्क, म्हणजे पाणी गाळून खाणारा दुसरा अजस्र शार्क, सॅमन माशाच्या जाळ्यांत अडकायचे. सरकारनेच 1955 पासून गस्तीच्या बोटीच्या पुढच्या टोकाला धारदार पातं लावून पाण्यावर तरंगणारे शार्क चिरले. तो मासा सॅमन खातच नाही, निव्वळ प्लवकावर जगतो! आज त्या किनाऱ्यावर तो दिसला तर बातमी होते.

रापणकर
कॅनडा ऱ्हवांदे. माझ्या काकाच्या जाळ्यात असा एक आला होता. अंगावर पांढरे ठिपके, कातडी खरखरीत, पंखाला जाळ्याचे वेढेच वेढे. सुरीने एकेक वेढा कापत बसले. जाता जाता शेपटीचा फटका दिला, होडीची फळी निखळली. जाळं लाखाचं. फोटो दिले, भरपाईचा अर्ज दिला, मग कार्यालयात हेलपाटे. ‘हा फोटो चालत नाही, दुसरा आणा.’ मासा गेला समुद्रात, दुसरा फोटो खंयसून आणू? तुम्ही घरात बसून प्लवक शिकवा.

सोरटी
गुजरातेत वेरावळला बऱ्याच वर्षांपासून जाणं-येणं आहे, म्हणून सांगतो. तिथे याच माशाच्या यकृताचं तेल लाकडी होड्यांना चोपडायचे, मांस तैवानला जायचं. 2001 मध्ये वाघाच्या बरोबरीने वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातला, तरी नुसत्या कायद्याने कोणी ऐकलं नसतं. 2004 मध्ये रामकथाकार मोरारी बापूंनी त्याला बाळंतपणाला माहेरी येणारी लेक म्हटलं आणि खारवा म्हणजे तिथले मच्छीमार स्वतः जाळी कापायला लागले. जाळ्याची भरपाई तिथेही मिळते. माणसाला मान दिला की तो ऐकतो.

रापणकर
मान आम्हालाही द्या की मग. 25 हजार ही कमाल मर्यादा आहे, सरसकट मिळत नाहीत. 2018 अखेरीस महाराष्ट्रात जाळ्याच्या भरपाईची ही योजना आली तेव्हापासून जाळ्यांचे भाव कुठे गेले ते बघा.

दर्यासारंग
मूळ दुखण्यावर कोणीच बोलत नाही. मासळी रात्री प्रखर दिवे लावून मासे ओढणाऱ्या एलईडीवाल्यांनी संपवली! केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली, तरी रात्री आमच्या बंदरावर उभं राहिलं की समोर उजेडच उजेड. आणि पर्ससीन, थव्याला वेढा घालून खालून आवळायचं ते मोठं जाळं? राज्याच्या 2016 च्या आदेशाने वेसण घातली म्हणे. कुठे आहे ती वेसण?

खोलपाणी
आला विषय पर्ससीनवर! माझी पर्ससीन आहे, परवाना आहे, एलईडी नाही. बोटीवर तीस खलाशी, त्यांच्या घरी चुली नाहीत काय? तुमचं जाळं रिकामं आलं की आम्ही चोर. ट्रॉलर तळ खरवडतात त्यांना विचारायची हिंमत नाही कोणाची.

दर्यासारंग
हिंमत आम्हाला शिकवू नका. आंदोलनात आम्ही मार खाल्लाय. तुमच्या एका वेढ्यात आमच्या रापणीचा, किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचा, अख्खा हंगाम जातो.

खोलपाणी
मग रापणीत बारकी पिल्लं येतात ती परत सोडता का? आधी ते सांगा.

निळाई
दोघेही थांबा जरा, हे या धाग्याशी जोडलेलंच आहे. व्हेल शार्कभोवती कुप्याचे, म्हणजे ट्यूनाचे थवे फिरतात. परदेशी पर्ससीनवाले त्यालाच खूण धरून वेढा टाकायचे. हिंद महासागराच्या ट्यूना आयोगाने 2013 मध्ये त्यावर बंदी घातली. म्हणजे तो असतो तिथे मासळी असते, त्याच्यामुळे ती संपत नाही.

खोलपाणी
हे खरं आहे. आमचा तांडेलही (बोटीचा प्रमुख) तो दिसला की आसपास पाणी निरखतो. पण वेढ्यात आला तर आम्हीही सोडतो, आणि तेव्हा आमचे फोटो कोणी काढत नाही.

रापणकर
मासळी तो खातो असं मी कुठे म्हटलं? ते त्या पोस्टवाल्याचं. सोडायला ना नाहीच, काकानेही सोडलाच ना! पण भरपाई नव्या जाळ्याच्या भावाने द्या, आणि पंचनामा बंदरावर येऊन करा. मगे आणखी जाळी कापू.

दर्यासारंग
आणि एलईडी?