‘द गेम’ (१९९७): निकोलसचा ताबा सुटला, की त्यानं तो विकत घेतला?

संहिता

शेवट उघड करूनच लिहिते आहे. चित्रपट पाहिला नसेल तर आधी तो पाहा, मग या धाग्यावर या.

डेव्हिड फिंचरच्या ‘द गेम’वरची चर्चा दरवेळी त्या शेवटच्या उडीवर जाऊन अडकते. ती शक्य होती की नव्हती, एवढंच. माझी तक्रार वेगळी आहे. पण आधी कथा थोडक्यात. सॅन फ्रान्सिस्कोतला धनाढ्य गुंतवणूकदार निकोलस व्हॅन ऑर्टन (मायकल डग्लस) अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. याच वयात त्याच्या वडिलांनी राहत्या हवेलीच्या छपरावरून उडी मारून जीव दिला होता. लहान निकोलसनं ते डोळ्यांनी पाहिलं, आणि तो आजही त्याच हवेलीत एकटा राहतो. धाकटा भाऊ कॉनरॅड (शॉन पेन) वाढदिवसाची भेट म्हणून त्याला ‘सीआरएस’ या कंपनीचा एक ‘खेळ’ देतो. निकोलस तिथे दिवसभर चाचण्या देतो, नंतर अर्ज नामंजूर झाल्याचा फोन येतो, आणि खेळ सुरू होतो. शेवटी एका गच्चीवर तो कॉनरॅडवर गोळी झाडतो, भाऊ मेला असं समजून वडिलांसारखीच उडी मारतो, आणि काचेचं छत फोडून हवेच्या गादीवर पडतो. तिथे कळतं की सगळा खेळच होता.

पहिले दोन अंक हा ‘माणसाकडून ताबा कसा काढून घ्यायचा’ याचा वस्तुपाठ आहे. क्रम बघा. विदूषकाचा बाहुला अंगणात नेमका तिथेच पालथा पडलेला असतो, जिथे वडील पडले होते. मग बातम्या देणारे डॅनियल शॉर (खरे पत्रकार, स्वतःच्याच भूमिकेत) टीव्हीतून थेट निकोलसशी बोलू लागतात. विमानतळावर पेन गळून शर्टावर शाईचा डाग पडतो. ज्या अॅन्सन बेअरला तो पदावरून काढायला सिअॅटलला गेलाय, त्याच्यासमोरच ब्रीफकेस उघडत नाही, आणि सहीचे कागद आत अडकतात. इथवर रक्ताचा थेंब नाही. नुसती फजिती आहे. पण ज्याचं सगळं वजन इस्त्रीच्या शर्टावर आणि वेळेवर उघडणाऱ्या ब्रीफकेसवर उभं आहे, त्याला शाईचा डागही पुरतो. पुढे त्याच्या नावावरची हॉटेलची खोली, त्यात कोकेन आणि नको ते फोटो, म्हणजे नाव गेलं. टॅक्सी खाडीत जाते, म्हणजे जीव टांगणीला. मग बँकेतला पैसाही गेल्याची भीती. शेवटी मेक्सिकोतल्या थडग्यात जाग येते, म्हणजे देशही गेला.

एवढं नेमकेपणानं काढून घेतलेलं सगळं शेवटच्या दहा मिनिटांत व्याजासकट परत केलं जातं. घर आहे, पैसा आहे, भाऊ जिवंत आहे, वर पार्टी. मला हा विश्वासघात वाटतो. आणि तो प्रेक्षकाचा नाही, पात्राचा आहे. निकोलसचा ताबा कधी सुटलाच नव्हता. तो फक्त एका कंपनीकडे भाड्यानं ठेवला होता.

कातरी

पूर्ण असहमत. हा ‘ताबा गमावण्याचा’ चित्रपट आहे असं धरून चालल्यामुळे तुम्हाला शेवट खटकतो. हा ‘मदत मागायला शिकण्याचा’ चित्रपट आहे, आणि ती गोष्ट उडीच्या बरीच आधी घडून जाते.

मेक्सिकोहून परतताना वडिलांकडून आलेलं घड्याळ त्याला द्यावं लागतं. मग एका खाणावळीत तो अनोळखी लोकांपुढे उभा राहून कुणीतरी गाडीतून सोडेल का असं विचारतो. पहिल्या अंकातला निकोलस दाराशी आलेल्या माणसाशीही धड बोलत नव्हता. त्यानंतर घटस्फोटित पत्नी एलिझाबेथची माफी. हे तीन प्रसंग सलग पाहा. संकलक जेम्स हेगूड यांनी इथे गती मुद्दाम सोडली आहे. आधीचे तासभर धावपळ आहे, इथे कॅमेरा चेहऱ्यावर थांबतो. बदल इथे झाला. छपरावर त्याची फक्त परीक्षा आहे.

मालमत्ता परत मिळते म्हणून बदल खोटा ठरत नाही. डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मधला कंजूष स्क्रूज एका रात्रीत बदलतो, पण त्याचीही तिजोरी सकाळी जागच्या जागी असते.

झेप

उडीचा विषय संहिता यांनी बाजूला ठेवला, पण तो ठेवता येत नाही. कारण कंपनी किती ‘ताब्यात’ होती हे ठरतं ते तिथेच. हिशेब मांडतो. चित्रपटात उंचीचा आकडा नाही, म्हणून ३० मीटर धरू.

खाली यायला सुमारे २.५ सेकंद. पोचताना वेग ताशी ८७ किलोमीटरच्या आसपास. हवेच्या गादीनं माणसाला ३ मीटरच्या अंतरात थांबवलं तर शरीरावर सरासरी १० जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दहापट जोर. हे नीट पाठीवर पडला तर झेपतं, म्हणूनच स्टंटवाले शेवटच्या क्षणी पाठ खाली घेतात. पाय आधी गेले तर गुडघे आणि कंबर जाते, डोकं आधी गेलं तर मान. निकोलसनं आयुष्यात अशी उडी घेतलेली नाही. तो मरायला निघालेला माणूस आहे, पडताना अंग वळवणार नाही.

दुसरं, जागा. कठड्यावरून तो संथ चालत गेला, समजा सेकंदाला दीड मीटर वेगानं, तर खाली येईपर्यंत पावणेचार मीटर पुढे सरकतो. पळत गेला, सेकंदाला तीन मीटर, तर साडेसात मीटर. म्हणजे तो चालेल की पळेल एवढ्यावर पावणेचार मीटरचा फरक. गादीचा भरवशाचा भाग मधला असतो, कडेला पडलेला माणूस बाहेर फेकला जातो. शिवाय वाटेत काचेचं छत आहे. फुटणारी खोटी काच असली तरी ती वेग आणि अंगाची दिशा दोन्ही बिघडवते. खाली वैद्यकीय माणसं त्याला डोळे मिटून ठेवायला सांगतात, तेवढा तपशील मात्र अगदी बरोबर घेतला आहे. खोट्या काचेचा चुराही डोळ्यात गेला तर इजा करतो.

तिसरं, बंदूक. निकोलसनं आणलेलं पिस्तूल त्याचं स्वतःचं, घरात पोकळ केलेल्या पुस्तकात लपवलेलं. म्हणजे कंपनीनं त्यात आधीच बार भरलेली पण गोळी नसलेली काडतुसं घातली असणार. तशी काडतुसंही जवळून जीव घेतात. १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम हा अभिनेता चित्रीकरणाच्या जागी अशाच काडतुसानं गेला, नळी कानशिलाला लागून होती. निकोलसनं कॉनरॅडवर न झाडता पिस्तूल स्वतःच्या कानशिलाला लावलं असतं तर? वडिलांची आठवण डोक्यात असलेला माणूस हे करण्याची शक्यता उडीपेक्षा कमी कशी म्हणायची?

संहिता

झेप, शेवटचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. गच्चीवर पिस्तूल हातात, भाऊ पायाशी पडलेला, आणि कंपनीची सगळी योजना एकाच गोष्टीवर उभी की तो उडीच मारेल.

कातरी

उडीच मारेल असं त्यांनी धरलेलं नाही. कंपनीचा माणूस म्हणून भेटलेला फाइनगोल्ड (जेम्स रेबहॉर्न) नंतर स्पष्ट सांगतो: बरं झालं तू उडी मारलीस, नाहीतर मला तुला ढकलावं लागणार होतं. म्हणजे पर्यायी योजना होती. पटकथेनं हे भोक एका वाक्यात बुजवलं आहे. टॅक्सीबद्दलही तेच, पाण्यात पाणबुडे होते असं गच्चीवर सांगितलं जातं.

झेप

वाक्यानं भोक बुजत नाही. बुडणाऱ्या गाडीत आतला दाब आणि बाहेरचा दाब सारखा होईपर्यंत दार उघडत नाही. काच पाण्याच्या वर असते तो पहिला अर्धा-एक मिनिटच खरा सुटकेचा वेळ. रात्री, गढूळ पाण्यात, पाणबुडा बाहेरून काच फोडेपर्यंत आतल्यानं घाबरून पाणी ओढलं की झालं. पाणबुडा असणं आणि माणूस वाचणं यात बरंच अंतर आहे. आणि ढकललेला माणूस तर अंग आकसून, गोल फिरत खाली येतो. फाइनगोल्डचं वाक्य धोका वाढवतं.

रोकडमेळ

तुम्ही सगळे गच्चीवर आहात. मला चित्रपटाचा सर्वांत चांगला प्रसंग फोनचा वाटतो, आणि तो तंतोतंत खरा आहे.

क्रिस्टीन (डेबोरा कारा उंगर), म्हणजे वेट्रेस म्हणून भेटलेली पण प्रत्यक्षात कंपनीचीच बाई, त्याला पटवते की कंपनीनं चाचण्यांमधून त्याच्या आवाजाचे आणि हस्ताक्षराचे नमुने घेतले आणि खाती रिकामी केली. तो घाबरून स्वित्झर्लंडच्या बँकेला फोन करतो आणि पैसे आहेत ना हे बघण्यासाठी खात्याचे संकेत स्वतःच्या तोंडानं उच्चारतो. ती शेजारी उभी. तिजोरी फोडण्याची गरज नाही, ‘तुमची तिजोरी फुटली’ एवढंच सांगायचं, मालक किल्ली काढून दाखवतो. आज महाराष्ट्रात ‘तुमचं खातं बंद होणार’ म्हणून जे फोन येतात त्यांची रीत हीच आहे. आधी भीती, मग घाई, मग ओटीपी. १९९७ च्या चित्रपटात ही साखळी इतकी स्वच्छ दाखवली आहे.

आणि यातलं खरं भय पुढे आहे. वकील सदरलँड सांगतो की खाती जशीच्या तशी आहेत. निकोलसला हे ऐकून हायसं वाटत नाही, त्याला वाटतं सदरलँडही सामील आहे. श्रीमंत माणसाचा ताबा सुटतो तो इथे. पैसा जाऊन नव्हे, पैसा आहे असं सांगणाऱ्यावरचा विश्वास जाऊन. म्हणून संहिता, ‘ताबा कधी सुटलाच नाही’ हे मला पटत नाही. खात्यातला आकडा हलला नाही, आकड्यावरचा भरवसा गेला, आणि श्रीमंती म्हणजे तो भरवसाच.

अंधारखोली

रोकडमेळ यांच्या मुद्द्याला दृश्यातून पुरावा देतो. छायालेखक हॅरिस सेव्हिडिस. सुरुवातीला निकोलसच्या घरात आणि कचेरीत प्रकाश कमी, लाकडाचे गडद तपकिरी रंग, पण सगळं सरळ रेषेत. तो चौकटीत असा बसवलेला असतो की खोली त्याच्यासाठीच मांडली आहे असं वाटावं. गोंधळ वाढतो तरी कॅमेरा हातात घेऊन हलवलेला फारसा दिसत नाही. दुसरा कुणी असता तर इथे कॅमेरा थरथरवला असता. फिंचर तो शांत ठेवतो, म्हणून आपल्याला वाटत राहतं की इथे कुणाचा तरी ताबा आहे, फक्त निकोलसचा नाही.

दुसरा नियम: जवळपास प्रत्येक दृश्यात निकोलस आहे आणि त्याच्या आधी आपल्याला काहीही कळत नाही. क्रिस्टीनच्या घरातल्या दिव्याला लटकलेली किमतीची चिठ्ठी आपल्याला तो बघतो तेव्हाच दिसते. हिचकॉक उलट करायचा, टेबलाखालचा बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवायचा. इथे बॉम्ब कुणालाच दाखवलेला नाही, त्यामुळे ताण नसून संशय तयार होतो. तोटा एकच. संशयावर चालणारा चित्रपट उत्तर दिल्याक्षणी वजन हरवतो. उत्तर कोणतंही असतं तरी हेच झालं असतं.

मनोविकार-अभ्यासक

इथे कुणीच न बोललेली बाजू मांडते. चित्रपट हा खेळ म्हणजे उपचार असल्यासारखा दाखवतो. वडिलांच्या आत्महत्येची गाठ त्याच उडीतून सुटते, अशी मांडणी. हे धोकादायक आहे आणि चूक आहे.

भीतीला सामोरं जाण्याचे उपचार खरोखर आहेत. त्यात आधी संमती घेतात. भीतीच्या प्रसंगांची पायरीवार यादी करतात, प्रत्येकाला ० ते १०० गुण रुग्ण स्वतः देतो, खालच्या पायरीपासून सुरुवात होते, आणि कधीही ‘थांबा’ म्हणायची सोय असते. एका पायरीवर भीती ओसरली की पुढची. निकोलसला थांबायची सोय कुठे आहे? त्यानं सही केली ती करमणुकीसाठी, कशाला केली हे त्याला माहीत नाही. त्यावर पालकाच्या आत्महत्येचा अनुभव असलेल्या व्यक्तीमध्ये आत्महत्येचा धोका मुळातच वाढलेला असतो. त्याला भाऊ मारल्याच्या समजुतीत छपराच्या कडेवर उभं करणं म्हणजे त्याच्या मरणाची तयारी करणं. गादी पुरली म्हणून तो उपचार होत नाही.

कातरी, मदत मागायला शिकणं मला मान्य आहे. पण मग खाणावळीत किंवा एलिझाबेथच्या समोर चित्रपट संपायला हवा होता.

कातरी

तिथे संपला असता तर खेळ कुणी मांडला हे उघड न करता थांबावं लागलं असतं, आणि प्रेक्षकानं खुर्च्या फोडल्या असत्या. पण तुमचा मुद्दा उपचाराबद्दल असेल तर मी मागे हटतो. मला तो उपचार वाटत नाही, ती भावाची क्रूर भेट आहे. कॉनरॅड स्वतःही आयुष्यात भरकटलेला दाखवलाय, शहाणपणाचा अधिकार त्याच्याकडे नाही. चित्रपटानं तो दिल्यासारखं केलं, हा दोष कबूल.

अंधारखोली

फिंचरनंही २०१४ मध्ये एका मुलाखतीत तिसरा अंक आपल्याला सुटला नाही आणि चूक आपली, असं कबूल केलं आहे. त्यामुळे तिसऱ्या अंकाचा बचाव त्याच्यापेक्षा जोरात करायची गरज नाही.

रोकडमेळ

दिग्दर्शकाची कबुली म्हणजे निकाल नव्हे. त्याला गतीबद्दल खंत असेल, आपण इथे अर्थाबद्दल बोलतोय.

संहिता

सगळं वाचून माझा मुद्दा थोडा बदलते. ताबा सुटला होता, हे रोकडमेळ यांनी पटवलं. पण मग चित्रपटानं त्या सुटण्याची किंमत लावायला नको होती. पार्टीत निकोलसच्या हातात खेळाचं बिल येतं, तो आकडा बघून दचकतो, आणि दोघे भाऊ ते वाटून घ्यायचं ठरवतात. आकडा आपल्याला दिसत नाही. ज्या माणसाला आपण नुकतंच मरताना पाहिलं, त्याचं मरण जेवणाच्या बिलासारखं अर्धं-अर्धं होतं. मनोविकार-अभ्यासक यांनी सांगितलेला धोका, झेप यांनी मांडलेले दहा जी, सगळं त्या कागदात गुंडाळलं जातं.

कातरी

त्यानंतरचं एक दृश्य राहिलंय. क्रिस्टीन पुढच्या कामाला निघालेली, गाडीपाशी उभी, त्याला विमानतळावर कॉफीला बोलावते. तो रस्त्यावर उभा, आणि काळोख. हेही खेळात आहे की नाही, हे त्याला माहीत नाही. बिलानं सगळं मिटलं असतं तर हा प्रसंग ठेवलाच नसता.

झेप

आणि आधी ज्या टॅक्सीत तो बसला होता तिची दारं आतून उघडत नव्हती. मी त्याच्या जागी असतो तर गाडीच्या दाराचा खटका आधी तपासला असता.