मदत हवी आहे: कागदी मुखवटे वाळत नाहीयेत, रविवारच्या आत हवेत

अनुजा_इंदिरानगर (बुधवार, रात्री)
सोसायटीतल्या मुलांकडून घरातल्या टाकाऊ सामानाचे मुखवटे करून घेतेय. जुने पेपर, फुगे, अंड्यांचे ट्रे. वाघ, अस्वल, माकड आणि दोन ससे. रविवारी नाटुकलं आहे. तीन दिवस झाले तरी मुखवटे गार लागतात, दाबलं की बोट रुततं. आज वाघाचा फुगा फोडला तर अर्धा चेहरा आत बसला. ज्याने केला होता तो रडत घरी गेला. हेअर ड्रायर लावून झाला. काय करू, लवकर सांगा.

पेठरोड
थर किती दिलेत? चिकटवायला काय वापरलं? वाळवताय कुठे?

सिडकोकर
मेन रोडला तयार मुखवटे मिळतात. डझनाने घेतले तर स्वस्त पडतात.

अनुजा_इंदिरानगर
विकतचे नकोत. मुलांनी स्वतः करावेत म्हणूनच हा घाट घातलाय.
थर मोजले नाहीत, मुलंच लावत होती. सहा-सात असतील. चिकटवायला मैदा आणि पाणी.

पेठरोड
मैदा शिजवलेला की कच्चा? आणि सगळे थर एकाच दिवशी?

अनुजा_इंदिरानगर
कच्चाच कालवला. शिजवायचा असतो का? हो, रविवारी एका बैठकीत सगळे थर दिले. वरांड्यात ठेवलेत, रात्री पावसाने भिजू नयेत म्हणून प्लास्टिकची पिशवी घालते.

पेठरोड
ताई, सगळा घोळ इथेच आहे. पिशवीत ओल बाहेर पडणार कशी? वरचा थर आधी सुकतो आणि आतलं पाणी कोंडतं. त्यात फुगा, म्हणजे आतल्या बाजूने हवाच नाही. ड्रायर तर अजिबात लावू नका. गरम झाला की फुगा फुगतो, ओला कागद ताणला जातो, गार झाला की आकसतो आणि कागद सुटतो.
आता असं करा. उरलेले फुगे टाचणीने बारीक भोक पाडून हळूहळू सोडा. मग मागून कात्रीने कापून मुखवटा वाटीसारखा उघडा करा, रिकाम्या डब्यावर पालथा घाला आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा. वरचे दोन थर सुटत असतील तर सोलून काढा, चारही पुरतात.
पुढच्या वेळी खळ शिजवा. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गुठळी न होऊ देता पारदर्शक होईपर्यंत. दिवसाला दोनच थर. कागद साध्या बातमीच्या पानाचा, गुळगुळीत पुरवणीचा नको, तो खळ पीत नाही.

जुना_नाशिककर
खळीत चिमूटभर मोरचूद टाका. आमचे वडील पुस्तकं बांधताना टाकायचे, कीड लागत नाही.

सुनंदा_पंचवटी
मुलांच्या कामात मोरचूद?? विष आहे ते. हात खळीत घालून तीच बोटं तोंडात जातात. आमची आजी कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करायची, त्यात मेथी भिजवून वाटून घालायची. कडूपणाने किडे येत नाहीत आणि चिकटपणाही येतो.

जुना_नाशिककर
चाळीस वर्षं ती पुस्तकं टिकलीत. पण मुलांचं म्हणता ते बरोबर आहे, मी पुस्तकांपुरतंच सांगितलं.

रिकामा_पुठ्ठा
मुळात पावसाळ्यात फुग्याच्या नादी लागूच नये. गोदावरीच्या पुराने पात्रातला दुतोंड्या मारुती पाण्यात उभा असताना कागद कसला सुकतोय! चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, अंड्याच्या ट्रेचे कप कापून नाक आणि कान चिकटवा. एका संध्याकाळीत वाघ तयार.

पेठरोड
पुठ्ठ्याला चेहऱ्याची गोलाई येत नाही. लगद्याची सर नाही. आमच्या भागात, पेठ-सुरगाण्याकडे, बोहाडा म्हणून मुखवटे घालून नाचायचा उत्सव असतो, त्यातली सोंगं लाकडाची नाहीतर कागदाच्या लगद्याची असतात. संबळावर ती नाचायला लागली की अंगावर काटा येतो.

रिकामा_पुठ्ठा
बोहाडा होळीनंतर असतो, भर उन्हाळ्यात. तेव्हा काहीही वाळतं. ताईंना श्रावणातलं विचारायचंय.

गोदाकाठ
होळीवरून आठवलं, या वेळी रंगपंचमीला कुठल्या रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जुने हौद, उघडल्या होत्या कुणाला माहीत आहे का? मला यायला जमलं नाही.

सुनंदा_पंचवटी
तो वेगळा धागा काढा हो, इथे मुलं खोळंबलीत.
अनुजाताई, एक विचारायचं राहिलं. आतून काळे-हिरवे ठिपके दिसतात का? वास येतो का?

अनुजा_इंदिरानगर (गुरुवार, सकाळी)
अस्वलाला आहेत. आंबूस वासही येतोय. पुसून चालेल का?

सुनंदा_पंचवटी
नाही. बुरशी आहे ती, पुसून जात नाही, आणि मूल त्यातून अर्धा तास श्वास घेणार. टाकून द्या. मूल हळवं असेल तर आधी त्याला जवळ घेऊन सांगा, त्याच्या नकळत टाकू नका. नवीन पुठ्ठ्याचं अस्वल त्याच्याबरोबरच करा.

पेठरोड
बरोबर. मुदत कमी आहे म्हणून वाघ-अस्वल पुठ्ठ्याचेच करा, मी हरलो. पण मधे वरून खालपर्यंत घडी पाडा आणि हनुवटीला दोन चिरा देऊन कडा एकमेकीवर चिकटवा, गोलाई येईल. डोळ्यांची भोकं अंदाजाने पाडू नका, पुठ्ठा मुलाच्या तोंडाशी धरून खूण करा.

नाट्यवेडी
शाळेत बालनाट्य बसवते म्हणून सांगते. मुखवटा तोंडावर न बांधता कपाळावर टोपीसारखा बसवा, आत जुन्या बनियनची पट्टी लावा. संवाद शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातात आणि पायऱ्या चढताना मूल पडत नाही.

अनुजा_इंदिरानगर (शुक्रवार, दुपारी)
ससे आणि माकड पंख्याखाली खडखडीत वाळले! टिचकी मारली की आवाज येतो. वाघ पुठ्ठ्याचा झाला. परवा रडलेल्या मुलाने त्याला मिशा खराट्याच्या काड्यांच्या लावल्यात आणि आज सोडायलाच तयार नाही. अस्वल संध्याकाळी.
आता पोस्टर कलर हाताला लागतोय. वरून फेविकॉलचा हात दिला तर?

रिकामा_पुठ्ठा
ब्रश फिरवला की खालचा रंग ओढला जाईल. उरलेल्या रंगातच थोडा फेविकॉल आणि पाणी मिसळून शेवटचा हात द्या. ससे झालेत ते कापडाने टिपून घ्या, पुन्हा रंगवू नका.

अनुजा_इंदिरानगर
करते. मुलं आली दारात, चार जणं आहेत, जाते.