मदत हवी आहे: टोकियोत रामेनच्या दुकानातलं कूपनचं मशीन नोट घेत नाही

पेठकर:
दारातच कूपनचं मशीन आहे. नोट घातली की बाहेर येते, तीनदा झालं. मागे रांग म्हणून बाजूला झालो. कार्ड लावायला जागा दिसत नाही. पटकन सांगा, दुपारची वेळ तीनला संपते.

नदीकाठ:
नोट कितीची? नवी की जुनी? रामेन कुठल्या प्रकारचं? यातलं काहीच लिहिलेलं नाही, सांगणार काय?

रस्सेवाला:
दोनपैकी एक कारण असणार. छोट्या दुकानांतली जुनी मशिनं १००० येनची नोट आणि नाणी एवढंच घेतात. ५००० किंवा १०००० ची नोट परत येणारच. १००० चीच असेल तर तिच्यावरचा चेहरा बघा. ३ जुलै २०२४ ला नव्या नोटा आल्या, त्यावर कितासातो शिबासाबुरो आहेत. जुन्यावर नोगुची हिदेयो. नोट ओळखणारा भाग बदलणं महाग पडतं, म्हणून काही दुकानांत अजून जुनाच आहे. आत डोकावून 'र्योगाए ओनेगाइशिमास' म्हणा, म्हणजे सुटे द्या.
पैसे आत गेले की बटणांचे दिवे लागतात. काहीच कळत नसेल तर डावीकडचं सगळ्यात वरचं बटण दाबा, दुकानाची खास वाटी बहुतेक तिथेच असते. उरलेले पैसे आपोआप पडले नाहीत तर नाण्यांच्या फटीजवळची दांडी फिरवा. ती विसरून लोक सुटे तसेच सोडून जातात.

सुगरण_ठाणे:
एवढा त्रास कशाला? निशी-कासाईला जा. भारतीय वस्ती आहे, डोसा मिळेल.

नदीकाठ:
प्रश्न नोटेचा आहे हो, डोशाचा नाही.

पेठकर:
नोट १००० चीच, कितासातोंची. हाकाता (फुकुओका शहरातला भाग) पद्धतीचं दुकान, काउंटरला दहा जागा. नूडल्स किती कडक हव्यात असं विचारतात म्हणे, काय सांगू?

बारीक_शेव:
'बारीकाता', म्हणजे खूप कडक, सांगा. हाकाताच्या नूडल्स बारीक, पिठात पाणी कमी, मिनिटभरात शिजतात आणि रश्श्यात तितक्याच पटकन फुगतात. कडक घेतल्या तर शेवटच्या घासापर्यंत टिकतात.

रस्सेवाला:
पहिल्यांदा खाणाऱ्याला बारीकाता नको. आत कच्च्या पिठाची चव राहते, तोनकोत्सूचा दाट रस्सा धरून राहत नाही. 'काता', म्हणजे नुसत्या कडक, पुरे.

बारीक_शेव:
रस्सा धरत नाही तो बारीकाता उकळत्या पाण्यातून काढून नीट झटकल्या नाहीत म्हणून. दोष कडकपणाचा नाही.
आणि 'काएदामा', म्हणजे नूडल्सची दुसरी वाढ, घ्याच. पहिल्या नूडल्स संपत आल्या की सांगायचं, रस्सा वाटीत ठेवायचा, ताज्या शिजलेल्या नूडल्स त्यातच टाकून देतात. ही सोय फुकुओकाच्या नागाहामातली. मासळी बाजारातल्या माणसांना वेळ नसायचा, म्हणून वाटी लहान आणि वाढ पटकन.

सुगरण_ठाणे:
घरीही होतात हो. खायचा सोडा ट्रेमध्ये पसरून १२० अंशांवर तासभर भाजायचा, म्हणजे कान्सुईची, रामेनच्या पिठात घालतात त्या क्षाराच्या पाण्याची, जागा घेतो. १०० ग्रॅम मैद्याला १ ग्रॅम, आधी पाण्यात विरघळवून. पिवळेपणा आणि ताण त्यामुळेच येतो. भाजलेल्या सोड्याला उघडा हात लावू नका, चुरचुरतं.

पेठकर:
सुटे मिळाले, आभार. पण बरोबर आई आहे, ती शाकाहारी. चाशू, म्हणजे वरचे मांसाचे काप, काढून दिलं तर चालेल ना?

नदीकाठ:
हे आधी लिहायला हवं होतं! अजिबात नाही. तोनकोत्सूचा रस्साच डुकराची हाडं तासन्‌तास खळखळ उकळून पांढरा होतो. वरचे मांसाचे काप काढले म्हणून काय झालं?

सुगरण_ठाणे:
मग 'शिओ' घ्या, त्यात नुसतं मीठ.

रस्सेवाला:
चुकीचं सांगू नका. शिओ हे फक्त तारेचं, म्हणजे वाटीच्या तळाशी घालायच्या खारट अर्काचं नाव. खालचा रस्सा कोंबडीचा किंवा सुक्या मासळीचा असतो. शोयू (सोया सॉस), मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) यांचंही तेच.
त्यात बहुतेक छोट्या दुकानांत माणशी एक वाटी घ्यावीच लागते, नुसतं सोबत म्हणून आईंना बसू देणार नाहीत. आज ही रांग सोडा. टोकियो स्टेशनात, फाटकाच्या आत, केइयो स्ट्रीटवर टीज तानतान आहे. सगळं वीगन, तिळाच्या रश्श्याचं तानतानमेन. रेल्वेने जाणार असाल तर गाडी बदलतानाच उतरा, बाहेर पडलात तर पुन्हा आत यायला तिकीट लागेल.

पेठकर:
कुठल्या फलाटाच्या बाजूला?

नदीकाठ:
नावातच आहे, केइयो लाइनच्या बाणांमागे चालत राहा. तुमचं कूपन फाडलं गेलं नसेल तर आधी आत देऊन पैसे परत मागा.